घाटात दमणारी पिकअप आणि पाण्याचा इंटरकूलर

प्रश्न : काका, मी चोपड्याहून केळी भरून इंदूरला जातो. अडीच लिटरची टर्बो डिझेल पिकअप आहे, तिला कंपनीचा हवेवरचा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) आहे. मे महिन्यात शिरपूर सोडलं की बिजासन घाटात दुपारी गाडी दमस. पहाटे तीच गाडी, तोच माल, आरामात चढते. भंगारातला हीटर कोअर (गाडीतल्या हीटरची पाण्याची जाळी) पत्र्याच्या डब्यात बसवून, घरच्या कूलरचा पंप लावून पाण्याचा इंटरकूलर करायचं मनात आहे. पाणी रेडिएटरमधूनच घेऊ का? टाकीत बर्फ टाकला तर?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, रोग तुम्ही बरोबर ओळखलात. टर्बो हवा दाबतो तशी ती तापते. बाहेर 45 अंश असताना बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, 0.8 बारच्या आसपास गेला की टर्बोतून निघणारी हवा 130 अंशांच्या घरात जाते. तापलेली हवा विरळ असते, सिलिंडरला प्राणवायू कमी मिळतो. त्यात नव्या इंजिनांचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, सेन्सरला हवा फार गरम लागली की डिझेलही आवरतो.

औषधाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पाणी उष्णता उचलतं झपाट्याने, पण ती शेवटी टाकायची कुठे? त्याच 45 अंशांच्या हवेत. तुमच्या इंजिनाचा हिशेब मी मांडून पाहिला. 2500 आरपीएमला पूर्ण बूस्टवर साधारण 6 किलोवॉट उष्णता काढावी लागते. पुढे वेगळा रेडिएटर नसेल तर 20 लिटर पाणी दर मिनिटाला चार अंशांनी तापेल. 10 किलो बर्फ नुसता वितळून नऊ मिनिटांत संपेल. छोट्या शर्यतीला तो पुरतो, भरल्या गाडीच्या घाटाला नाही. इंजिनाच्या रेडिएटरचं पाणी तर मुळीच घेऊ नका. ते 85-90 अंशांवर असतं, त्याने हवा थंड कशी होणार? कूलरचा पंप 230 व्होल्टचा, तो गाडीत चालायचा नाही. 12 व्होल्टचा, मिनिटाला 10-15 लिटर फिरवणारा पंप लागतो.

आता डबा. 20 बाय 20 सेंटीमीटरच्या सपाट पत्र्यावर 0.8 बार दाब म्हणजे सव्वातीनशे किलोंचा जोर. तुमच्या वीस-वीस किलोंच्या सोळा क्रेट त्या एका पत्र्यावर रचल्यासारखं! आणि गिअर बदलताना तो जोर दर वेळी उतरतो, चढतो. पातळ पत्रा फुगतो, मग वेल्डिंग कोपऱ्यातून तडकतं.

हे मी स्वतः भोगलंय. ऐन उमेदीत मी असाच हीटर कोअरचा इंटरकूलर केला होता. दोन महिने गाडी छान पळाली. एका रात्री डाकाचा जोड सुटला आणि पाणी ठिबकत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेत, उतरलं. सकाळी चावी फिरवली, एकच ‘खट्’ आवाज झाला आणि इंजिन अडकलं. पाणी दबत नाही, त्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकला. तो रॉड अजून माझ्या टेबलावर आहे. काचेवर आडवा ठेवला की मधून काडेपेटीची काडी आरपार जाते. शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात मी तो आधी देतो.

म्हणून आधी आहे तो इंटरकूलर बघा. आपल्याकडे कापसाचे पुंजके आणि शेतरस्त्याची धूळ फिन्समध्ये, म्हणजे जाळीच्या पातळ पात्यांमध्ये, नमद्यासारखी बसते. समोरून ती दिसत नाही, मागून बॅटरी मारा. उजेड पलीकडे येत नसेल तर मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने फिन्स आडव्या होतात. मग टर्बोचे होज (रबरी पाइप) चाचपा. क्लिपपाशी तेलकट काळा डाग असेल तर बूस्ट तिथूनच पळतोय. होज हाताला मऊ, फुगीर लागला तर बदला.

एवढं करूनही स्वतःच बनवायचा असेल तर पाण्याची वाट इंजिनाच्या पाण्यापासून पूर्ण वेगळी ठेवा आणि पुढे स्वतंत्र छोटा रेडिएटर द्या. कोअर ॲल्युमिनियमचा घ्या, वेल्डिंग आर्गनवाल्याकडूनच करून घ्या. बोअरचं पाणी घालू नका, क्षार धरतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला. बसवण्याआधी हवेची आणि पाण्याची बाजू वेगवेगळी बंद करून 2 बार हवा भरा, हौदात अर्धा तास बुडवा. एक बुडबुडा दिसला तरी तो गाडीला लावू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलावर बंधन घालतं. तुमची गाडी धंद्याची आहे, तेव्हा पासिंग आणि विम्याचं आधी विचारून घ्या.

इंटरकूलर धुण्याआधी एकदा आणि धुतल्यावर एकदा, त्याच घाटात, तेवढ्याच मालाने, दुपारच्याच वेळी इनटेकच्या हवेचं तापमान गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर टिपा. दोन्ही आकडे मला कळवा, मग पुढचं ठरवू.