कुर्त्याचे सर्व रंग आणि मापे एकाच नोंदीत द्यावीत का?

नाही, गूगल मर्चंट सेंटरमध्ये, म्हणजे दुकानाचा माल गूगलवर दिसावा म्हणून त्याची यादी जिथे भरतात तिथे, रंग आणि माप यांच्या प्रत्येक जोडीची नोंद स्वतंत्र हवी. म्हणजे एका कुर्त्याचे ३ रंग आणि ४ मापे असतील तर १२ ओळी होतील, प्रत्येकीचा आयडी वेगळा असेल आणि आयटम ग्रुप आयडी (एकाच वस्तूचे सर्व प्रकार जोडणारा संकेत) मात्र सर्वांचा एकच राहील. इंदूरमधील एका कापड दुकानाची अशी यादी मी रोज सांभाळतो. खरी चूक रंगाच्या रकान्यात होते: क्लॉथ मार्केटमधून आलेल्या गठ्ठ्याच्या चिठ्ठीवरचा शेड नंबर (रंगछटेचा क्रमांक) तसाच उतरवला जातो, तिथे रंगाचे नावच लिहावे आणि छायाचित्रही त्याच रंगाचे, दुकानाचा शिक्का न उमटवलेले असावे. महेश्वरी साडीला मापे नसल्याने तिच्या नोंदी केवळ रंगानुसार कराव्यात.