इटलीचं दुकान, म्युनिकचं गिऱ्हाईक

प्रश्न : मी म्युनिकला राहते. इटलीतल्या एका ऑनलाइन दुकानातून ४२० युरोंचं कॉफी मशीन घेतलं. सातव्या महिन्यात पंप बिघडला. दुकानदार म्हणतो, ‘पाण्यातल्या क्षारांनी गेला, चूक तुमची. कंपनीला विचारा.’ युरोपीय आयोगाचं तक्रार पोर्टलही उघडत नाही. कोर्टात न जाता काही होईल का?

उत्तर : होऊ शकतं, तुमची बाजू भक्कम आहे. ते पोर्टल २० जुलै २०२५ला कायमचं बंद झालं. काही दुकानांच्या साइटवर त्याची लिंक अजून दिसते, तिच्यामागे वेळ घालवू नका.

युरोपीय संघात नव्या वस्तूच्या दोषाला विक्रेता किमान दोन वर्षं जबाबदार असतो. कंपनीची वॉरंटी वेगळी. तिच्याकडे बोट दाखवून दुकानदार सुटत नाही. शिवाय पहिल्या वर्षात दोष दिसला, तर तो मुळातच होता असं कायदा धरून चालतो. क्षारांमुळे बिघाड झाला हे दुकानदाराने सिद्ध करायचं. म्हणूनच मशीन कुठल्याही मेकॅनिककडून उघडून घेऊ नका. ‘तुम्हीच छेडछाड केली’ म्हणायला त्याला आयतं निमित्त मिळेल.

फोन नको, ईमेल करा. ऑर्डर क्रमांक, मशीन हातात पडल्याची आणि बिघाड दिसल्याची तारीख लिहा. पंप घरघरतो पण पाणी ओढत नाही, असं काही होत असेल तर त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडा. मागणी एकच ठेवा : १४ दिवसांत, त्याच्या खर्चाने, दुरुस्ती किंवा बदली मशीन. थेट पैसे परत मागू नका. कायद्यात आधी दुरुस्ती किंवा बदली येते. ती नाकारली, रखडली किंवा फसली की मगच पैशांचा हक्क येतो. चिडून पहिल्याच पत्रात पैसे मागितले की विक्रेत्याला नकार द्यायला सोपं जातं.

मुदत उलटली की जर्मनीतल्या केल गावच्या युरोपीय ग्राहक केंद्राकडे ऑनलाइन तक्रार करा. बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि सगळा पत्रव्यवहार जोडा. सेवा मोफत आहे. हे केंद्र प्रकरण इटलीतल्या जोडकेंद्राकडे पाठवतं आणि ते दुकानदाराशी त्याच्याच भाषेत बोलतं. केंद्र सक्ती करू शकत नाही, आणि कोर्टात गेलेलं प्रकरण हाती घेत नाही. विक्रेता युरोपीय संघ, नॉर्वे किंवा आइसलँडमधला हवा. साइटचं नाव जर्मन असलं तरी मागे चीनमधली कंपनी असू शकते, म्हणून ‘इम्प्रेसुम’ पानावरचा, म्हणजे साइटच्या मालकाची माहिती देणाऱ्या पानावरचा, पत्ता आधी वाचा.

प्रश्न : पुण्याहून परदेशी साइटवर क्रेडिट कार्डाने बूट मागवले, आलेच नाहीत.

उत्तर : कार्ड देणाऱ्या बँकेकडे लगेच चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे विक्रेत्याकडून परत वळते करून, मागा; मुदत साधारण १२० दिवसांची असते. कारण ‘वस्तू मिळाली नाही’ असंच लिहा. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं लिहिलंत, तर ओटीपी दिला असल्यास त्याची नोंद तुमच्याच विरोधात जाते. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.