पेटी पार्सलने मागवावी का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

भजनी मंडळासाठी पेटी घ्यायची आहे. बाहेरगावाहून मागवली तर स्वस्त पडते. मागवावी का? (पेडणे)

वाजवून न पाहिलेली पेटी घेऊ नका. वाटेत हिसके बसले की पट्टीखालची स्प्रिंग निसटते आणि पट्टी न दाबताच सूर वाजत राहतो. स्केल चेंज पेटीत तर सगळ्या पट्ट्यांची चौकटच सरकते, म्हणून ती पार्सलने मुळीच नको.

दुकानात आधी एकही पट्टी न दाबता भाता मारा. चार-पाच झटक्यांत तो टणक झाला पाहिजे. फुसफुस ऐकू आली तर हवा गळते आहे. मग खर्जापासून तारापर्यंत एकेक पट्टी अगदी हलक्या भात्यावर वाजवा. चांगला सूर कमी हवेतही लगेच बोलतो, वाईट सूर उशिरा उठतो. दोन सुरांच्या पेटीत (प्रत्येक पट्टीला दोन पत्त्या असतात) दोन्ही सूर एकत्र लावा. आवाज लहरत असेल तर ते आपसात जुळलेले नाहीत. मुख्य गायकाला सोबत न्या आणि त्याच्या सुरात एक अभंग तिथेच होऊ द्या.

पेटीचा एक सूर मुका झाला आहे. (डिचोली)

बहुधा धूळ. पातळ कागद पत्तीखालून (हवेने कंप पावून सूर देणारी धातूची पातळ जीभ) हळूच फिरवा. पत्ती खरवडू नका: टोकाशी खरवडली तर सूर चढतो, मुळाशी खरवडली तर उतरतो.

तबला तरी मागवता येईल ना? (फोंडा)

येईल, कारण त्याचे माप सांगता येते. पण नुसती 'तबला जोडी' मागितलीत तर दुकानात पडून असलेली जोडी येईल. गायकाचा सूर आणि तोंडाचा व्यास दोन्ही कळवा. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर) साधारण साडेपाच इंच, वरच्या सुरांना 5 इंच किंवा कमी. मोठ्या तोंडाचा तबला ताणून चढवला की पुडी (तोंडावरचे कातडे) फाटते. खोड शिसवी हवे असे सांगा आणि वजन विचारा. पार्सल उघडतानाच चित्रीकरण करा. सोळाही घरांवर (वादीच्या मधल्या जागांवर) चाट (पुडीची कड) एकच सूर देते का, ते ऐका. डग्गा तांब्याचा म्हणून दिला असेल तर लोहचुंबक लावा. चिकटला तर भांडे लोखंडी.

पुण्यातल्या भाच्याला घुमट (आरतीला वाजवायचे कातडे लावलेले वाद्य) पाठवायचे आहे. (म्हापसा)

शक्य तर कुणाच्या तरी हातीच पाठवा, मातीचे भांडे आहे. चतुर्थीच्या आधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घ्या. बोटाने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजले पाहिजे. भद्द आवाज म्हणजे बारीक चीर. घोरपडीचे कातडे कुणी दाखवले तर घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यापार गुन्हा आहे आणि बकरीच्या कातड्यावर आरत्या उत्तम वाजतात. पाठवायचेच असेल तर आत कागदाचे बोळे भरा आणि एकात एक दोन खोकी वापरा, मध्ये दोन इंच भूस. भाच्याला हेही कळवा: पुण्याच्या कोरड्या हवेत कातडे जास्त ताणते, तेव्हा घुमट उन्हात ठेवायचे नाही.