पूर्ण डोक्यावरची चाई : स्टेरॉइड, डीपीसीपी की जॅक गोळ्या?

ताई, वय ३४, दीड वर्षाची चाई (अंगाचीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते ते दुखणं), डोक्यावरचे केस जवळजवळ पूर्ण गेलेले, भुवयाही गेलेल्या. गोव्यातल्या डिचोलीच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड, डोक्याला लावायचं डीपीसीपी आणि जॅक गोळ्या अशा तीन वाटा सांगितल्या आणि कुठली धरावी असं तुम्ही विचारलंय. तुमच्या जागी मी आधी जॅक गोळ्यांचं (उलटलेली प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या) बघेन, कारण दुखणं अजून जुनं झालेलं नाही. आठ-दहा वर्षं एकही केस न आलेल्या डोक्यावर याच गोळ्या बऱ्याच कमी चालतात.

बॅरिसिटिनिब या जॅक गोळीच्या दोन मोठ्या चाचण्यांत रोज ४ मिग्रॅ घेणाऱ्यांपैकी साधारण ३६ ते ३९ टक्के लोकांचं डोकं ३६ आठवड्यांत किमान ८० टक्के भरलं. २ मिग्रॅवर हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास राहिलं. त्यामुळे डोकं जवळजवळ पूर्ण गेलेलं असेल तर थेट ४ मिग्रॅचा विचार करतात. दुसरी जॅक गोळी टोफासिटिनिब (५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा) चाईसाठी मंजूर नाही, तरी आपल्याकडे पुष्कळ वापरतात. त्यामागे एवढ्या मोठ्या चाचण्या मात्र नाहीत.

पहिली गोळी घेण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लिपिड (रक्तातली चरबी), हिपॅटायटिस बी-सी, एचआयव्ही आणि टीबीसाठी इग्रा ही रक्ततपासणी व छातीचा एक्स-रे झालाच पाहिजे. लपलेला टीबी या गोळ्यांनी उफाळू शकतो. नागिणीच्या लशीबद्दलही विचारा. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल, सिगारेट असेल, तर ते आधी सांगा. आणि पावसात ताप आला तर अंगावर काढू नका. डेंग्यू-लेप्टोचे दिवस असतात, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी थांबवायची का ते विचारा.

डीपीसीपी हे डोक्याला लावायचं रसायन, गोळी न घेणाऱ्यांसाठी. आधी २ टक्क्यांचं द्रावण छोट्या जागी लावून अंगाला त्याची ॲलर्जी आणतात, दोन आठवड्यांनी ०.००१ टक्क्यापासून दर आठवड्याला वाढवत नेतात. हलकी लाली आणि दीड-दोन दिवस खाज, एवढंच हवं. फोड आले, मानेच्या गाठी सुजल्या तर पुढची मात्रा कमी करायची. लावल्यावर ४८ तास डोकं धुवायचं नाही आणि उन्हापासून झाकून ठेवायचं. मे महिन्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयापर्यंत हेल्मेट घालून स्कूटरने जायचं असेल तर हे किती जड जाईल, ते आधीच लक्षात घ्या.

स्टेरॉइडची वाट म्हणजे बीटामेथासोनचा मिनी पल्स, म्हणजे आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस गोळ्या. चाई भराभर पसरत असेल तर तेवढ्यापुरता ठीक. बंद केला की केस बरेचदा पुन्हा गळतात आणि साखर, बीपी, हाडं यांना त्रास होऊ शकतो. चट्ट्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन पूर्ण डोक्याला शक्य नाही, टोचे एकेक सेंटिमीटरवर द्यावे लागतात. भुवयांना मात्र २.५ मिग्रॅ प्रति मिलीचं सौम्य ट्रायमसिनोलोन देता येतं. त्याहून कडक दिलं तर कातडी पातळ होऊन खोल बसू शकते.

सर्वांत जास्त चूक होते ती घाईची. गणपतीच्या चवथीपर्यंत केस हवेत म्हणून गोळ्या सुरू करतात आणि तिसऱ्या महिन्यात सोडतात. पहिल्यांदा पांढरी, मऊ लव येते, उजेडात तिरकं बघितलं तरच दिसते. रंग नंतर भरतो. दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच कोनातून फोटो काढा आणि नऊ महिन्यांनी निर्णय घ्या. केस आल्यावर गोळी एकदम बंद केली तर बहुतेकांचे परत जातात, म्हणून खर्चाचा हिशेब दोन-तीन वर्षांचा धरा.

मूल होण्याचा विचार असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगा. जॅक गोळ्या, डीपीसीपी आणि चाईवर कधी कधी देतात ते मेथोट्रेक्सेट, तिन्ही त्या काळात टाळतात.