शिवारात सौर कंपनीचे लोक आले आहेत : जमीन विकावी की भाड्याने द्यावी?

प्रश्न : आमच्या शिवारात सौर प्रकल्पासाठी जमिनी घेणारे फिरत आहेत. एकरी भाव चांगला सांगतात, इसार हातावर ठेवतात. माझी सहा एकर कोरडवाहू आहे. सगळी देऊन टाकावी का? शेजाऱ्यांनी दिली आणि मी नाही दिली, तर माझी अडचण होईल का?
– एक शेतकरी, मंगळवेढा तालुका

उत्तर : सगळी विकू नका. कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय सहसा शेतजमीन घेता येत नाही. (मराठवाडा-विदर्भात कायदा वेगळा, बंधन साधारण तेच.) शेवटचा गुंठाही विकलात, तर उद्या पैसे असूनही पुन्हा जमीन घेताना हेच कलम तुम्हाला आडवे येईल. शिवाय पीककर्ज, पीकविमा, पीएम किसान आणि नमो शेतकरीचे वर्षाचे 6,000 अधिक 6,000, हे सगळे मुख्यतः सातबाऱ्यावर चालते.

भाड्याने द्यायचा विचार जरूर करा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये आणि दरवर्षी 3 टक्के वाढ असा जमीनभाड्याचा दर आहे. खासगी कंपनीशी बोलताना हा आकडा समोर ठेवा. करार पंचवीस-तीस वर्षांचा असतो, म्हणून भाडेवाढ त्यात लिहिलेली हवीच. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार नोंदणीकृत लागतो, नोटरीवर भागवू नका.

करारात एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे मातीची. मंगळवेढ्याची भारी काळी जमीन पावसाची ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर पाण्याच्या पाळीशिवाय रब्बीची मालदांडी ज्वारी येते. अशी जमीन दुसरीकडून आणता येत नाही. प्रकल्पाचे रस्ते करताना तिच्यावर मुरूम दाबतात, बांध मोडून रान सपाट करतात, खांबांना काँक्रीट भरतात. मुदत संपल्यावर मुरूम आणि काँक्रीट कंपनीने स्वखर्चाने काढावे, वरची माती बाजूला साठवून परत पसरावी, हे शब्द करारात लिहून घ्या. बिगरशेती आकारणी (बिगरशेती वापरावरचा सरकारी सारा) लागली तर ती कोण भरणार तेही लिहा. माझे स्पष्ट मत आहे : माळाचे, मुरमाड रान द्यायला हरकत नाही, पण ज्वारीचे काळे रान राखा.

विकायचेच ठरले, तर इसारपावती नीट वाचा. "खरेदीदार अगर ते सांगतील त्या इसमाचे नावे खरेदीखत करून देईन" असे वाक्य दिसले, तर समोरचा माणूस बहुधा दलाल आहे, खरा घेणारा पुढे यायचा आहे. "सर्व परवानग्या मिळेपर्यंत" अशी मुदत असेल, तर थोड्या इसारावर तुमची जमीन वर्षानुवर्षे अडकते. मुदतीची तारीख घाला, तोपर्यंत पूर्ण रक्कम आली नाही तर व्यवहार रद्द, असेही लिहा. कुलमुखत्यारपत्र (तुमच्या वतीने सह्या करण्याचा अधिकार) कोणालाही देऊ नका, ओळखीतल्या एजंटालाही नाही. वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, तेव्हा बहिणींना आधीच सांगा, त्यांना डावलून सही करू नका. जमीन भोगवटादार वर्ग 2 (विक्रीवर सरकारी बंधन असलेली) असेल किंवा खातेदार आदिवासी असतील, तर परवानगीशिवाय पुढे जाऊच नका.

आता शेजाऱ्यांचा प्रश्न. तुम्ही दिली नाही म्हणून कोणी जबरदस्ती करू शकत नाही, पण अडचण खरोखर होते : तारेचे कुंपण पडते आणि बैलगाडीची वाट बंद होते, सामाईक विहिरीवर जाता येत नाही, बांध मोडल्याने वरचे पाणी तुमच्या रानात उतरते. म्हणून शेजाऱ्यांचे करार होण्याआधीच तलाठ्याकडून (आताचे ग्राम महसूल अधिकारी) सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात विहिरीचा हिस्सा आणि वाट नोंदलेली आहे का ते पाहा. नसेल तर आत्ताच अर्ज द्या. वहिवाटीची वाट अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.