लोअर परळच्या मॉलमध्ये ती उंच चिमणी कशाची आहे? या भागात आधी काय होतं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे नुकतेच लोअर परळला येऊ लागलात, फिनिक्स मॉलमधली ती चिमणी रोज दिसते, पण ऑफिसात कुणालाच तिच्याबद्दल नीट सांगता येत नाही. माझा जन्म तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत झाला. आजोबा आणि बाबा दोघेही साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

चिमणी फिनिक्स गिरणीची. गिरणी १९०५ सालची. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली, ती १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळी ते दादरपर्यंत गिरण्याच गिरण्या झाल्या आणि या पट्ट्याला गिरणगाव म्हणू लागले. तुमच्या ऑफिसच्या पत्त्यात कमला मिल, रघुवंशी मिल, मथुरादास मिल, तोडी मिल असं काही असेल तर तुम्ही गिरणीच्या आवारातच बसता. हल्ली घरांच्या जाहिरातींत याच भागाला 'अप्पर वरळी' म्हणतात. ते वाचलं की मला खरोखर वाईट वाटतं. परळ हे नाव इथल्या माणसांनी घाम गाळून कमावलेलं आहे.

माणसं आली ती कोकणातून, साताऱ्याहून, घाटावरून. आमचे आजोबा संगमेश्वर तालुक्यातले. बायको-मुलं गावी, आणि इथे गाववाल्यांची एक खोली. बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची. भिंतीला खुंट्यांची रांग, प्रत्येकाची एक खुंटी, खाली त्याची ट्रंक आणि वळकटी. पहिल्या पाळीचा माणूस उठला की तिसऱ्या पाळीहून आलेला त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. या खानावळी बहुतेक बायकाच चालवायच्या, कामगारांच्याच घरातल्या. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. संप चालू असला तरी कित्येक बायकांनी उधारीवर ताट वाढलं. हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

गिरणगावाबद्दल वाचाल तेव्हा भोंगा, भजनं, शाहीर, गणपती हे सगळं येईल. ते खरंच होतं. शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांची लाल बावट्याची पथकं इथल्या मैदानांत गायली, संयुक्त महाराष्ट्राची लढाई याच वस्तीच्या बळावर झाली. पण एक गोष्ट आमच्या घरातही दबक्या आवाजात बोलली जायची.

आजोबांचा एक धोटा, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणारं लाकडी साधन, आमच्याकडे अजून आहे. होडीसारखा, हाताच्या पंजापेक्षा लांब, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, लाकूड हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं. एका बाजूला दोरा बाहेर काढायचं बारीक भोक. आतली दोऱ्याची बाबिण, म्हणजे रीळ, संपली की नवी घालायची, आणि दोरा त्या भोकातून बाहेर काढायला साचेवाला भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा. दिवसभरात कितीतरी वेळा. दोऱ्याबरोबर कापसाची धूळ थेट छातीत. आजोबांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

आणि याच भोकामुळे दलित कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, घेत नसत. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जायचा, आणि सवर्ण विणकरांना तो विटाळ वाटायचा. साचेखात्यात पगार जास्त. दलितांच्या वाट्याला कमी पगाराचं कातणखातं. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. दलितांना सर्व खाती खुली करा ही मागणी तेव्हा कुठे यादीत गेली, तीही नाखुशीने. बाबासाहेब स्वतः याच वस्तीत, परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षं राहिले. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी ९ मार्च १९२४ ला बैठक झाली ती परळच्या दामोदर हॉलमध्ये. गिरणगावाची आठवण काढताना आपण हे वगळलं, तर ती आठवण अर्धीच राहते, असं मला वाटतं.

आता गिरण्या गेल्या कशा? १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही, तो विरत गेला. बाबा दीड वर्षाने गेटवर गेले तर यादीत नाव नव्हतं. आई पोळ्या लाटून द्यायची, आम्ही भावंडं घरोघरी पोचवायचो. बाबांची ग्रॅच्युइटी मिळायला इतकी वर्षं लागली की ती हातात आली तेव्हा माझं लग्नही झालं होतं.

पण खरी किंमत होती जमिनीची. गिरण्यांच्या ताब्यात शहराच्या मधोमध सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं. त्यानुसार गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणीचं आवार म्हणजे शेड, गोदामं, खाती. मोकळं असं असतंच किती? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २००६ मध्ये तो बदल कायम राहिला. मुंबई टेक्स्टाईल मिलची जमीन २००५ मध्ये ७०२ कोटींना गेली आणि तीच २०१२ मध्ये २,७०० कोटींच्या वर विकली गेली. त्याच २०१२ मध्ये कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, घरं ६,९२५. अर्ज दीड लाखांच्या आसपास. अजूनही हजारो कुटुंबं वाट पाहताहेत, आणि त्यांना घरं देऊ केली जातात शेलू-वांगणीला. ज्या माणसाने परळमध्ये तीस वर्षं पाळ्या केल्या त्याला कर्जतच्या वाटेवर घर, हे मला कधीच पटणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत कधी वेळ काढून डिलाईल रोडला, म्हणजे ना. म. जोशी मार्गाला चालत या. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, त्यामुळे फार उशीर करू नका. गावांच्या मंडळांच्या खोल्या जिथे उरल्यात तिथे बाहेर एखादे म्हातारे गृहस्थ बसलेले असतात. त्यांच्याशी बोला, गिरणी कुठली म्हणून विचारा, ते भरभरून सांगतील. खातं मात्र त्यांनी आपण होऊन सांगितलं तरच. बाबा आयुष्यभर ते कुणालाच विचारत नसत, आणि का, ते मला धोट्याची गोष्ट कळल्यावर समजलं.