पुण्याहून दोन दिवसांत जुन्या वास्तू आणि निसर्ग, दोन्हींचे फोटो काढायला कुठे जावं?

तुमच्याकडे कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे, सप्टेंबरातले दोन दिवस आहेत आणि यादीत रायगड, लोणार, भंडारदरा, कास अशी चार दिशांची चार नावं आहेत. या खेपेला फक्त वाई, सातारा आणि साताऱ्याजवळचं कास पठार करा. बाकीचं केलंत तर गाडीच्या खिडकीतूनच फोटो काढावे लागतील. शिवाय या पट्ट्यात वास्तू आणि निसर्ग असे दोन वेगळे विषय उरतच नाहीत. इथलं बरंचसं जुनं बांधकाम पाण्यासाठी किंवा पाण्याच्या धाकानं उभं राहिलंय, आणि फोटोतही तेच दिसायला हवं.

भल्या पहाटे निघून आधी वाईजवळची मेणवली गाठा. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागे कृष्णेवरचा दगडी घाट. घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली मोठी घंटा चुकवू नका. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथून आलेली ती पोर्तुगीज घंटा आहे. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा पायऱ्यांची प्रत्येक कड उठून दिसते, नंतर सगळं सपाट. वाडा खासगी आहे, आत कॅमेरा काढण्याआधी विचारा. (लग्नाआधीचं शूटिंग करणारी जोडपी आली असतील तर घाटाचं दुसरं टोक धरा, दुसरा इलाज नाही.)

वाईत ढोल्या गणपतीच्या समोर सगळेच उभे राहतात. तुम्ही मागे जा. १७६२च्या सुमारास पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी हे देऊळ नदीच्या काठाला अगदी खेटून बांधलं. पुराचं पाणी थेट भिंतीवर आदळू नये, दोन बाजूंनी फाटून जावं म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे. ती निमुळती कड आणि शेजारून वाहणारी कृष्णा एकाच चौकटीत येईल अशी जागा शोधा. तो फोटो पाहून देऊळ कुठे उभं आहे हे कळतं, नुसत्या कळसाच्या फोटोतून कळत नाही.

जास्तीत जास्त वेळ मात्र लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीला द्या. साताऱ्याच्या अलीकडे हायवे सोडून आत जावं लागतं. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६ (इ.स. १७१९ ते १७२४) या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी आमराईच्या पाण्यासाठी ती बांधून घेतली. तसा शिलालेखच तिथे आहे. मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी उपसायची चामड्याची पखाल; नाव बारा मोटांचं असलं तरी वर मोटा लावायच्या जागा पंधरा आहेत. अष्टकोनी मोठी विहीर, तिला जोडून आयताकृती दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये चक्क एक छोटा महाल. खाली पाणी उपसलं जातंय आणि वर कोरीव खांबांत माणसं बसली आहेत, ही कल्पनाच मला अजून अचाट वाटते.

इथे पहाटेचा नियम उलटा करा, भरदुपारी जा. सकाळ-संध्याकाळ उजेड काठावरच अडतो आणि खाली नुसता काळोख राहतो. तरीही वरचं आभाळ आणि खालचा दगड यांत फरक फार पडतो. कॅमेऱ्यात ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे लागोपाठ फोटो) असेल तर लावा, नसेल तर आभाळ चौकटीबाहेर ठेवा. लेन्स १८वर ठेवली तरी अख्खी विहीर मावत नाही. मावायलाही नको. भिंतीतली शरभांची (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्यांची) शिल्पं, महालाच्या दारातून दिसणारं पाणी, असे तुकडे घ्या. अख्खी विहीर हवीच असेल तर मोबाइलची वाइड लेन्स वापरा, लाजायचं कारण नाही. शेवाळलेल्या पायऱ्यांवर डोळ्याला कॅमेरा लावून एक पाऊलही टाकू नका.

मुक्काम साताऱ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी कास, पण प्रवेशाचं बुकिंग आधी ऑनलाइन करून ठेवा. सगळेजण फुलांचे गालिचे टिपतात. मला कमी फुलं असलेला कातळ जास्त आवडतो, कारण पठाराचं गुपित तिथेच दिसतं. जांभ्यावर मातीचा पातळ थर, त्यात पाणी साचतं आणि पोषण फारसं नसतं. म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती किडे पकडून भूक भागवतात. ही फुलं इवलीशी असतात. लेन्स ५५वर ठेवा, पायवाटेच्या कडेलाच खाली बसा आणि कॅमेरा फुलाच्या उंचीला आणा. गेंदाची पांढरी, चेंडूसारखी फुलं फोटोत फटफटीत होतात, तेव्हा एक्स्पोजर थोडं उतरवा; धुकं आलं तर चढवा. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते, म्हणून कॅमेरा आधी थोडा वेळ बॅगेतच राहू द्या.

उत्साहात आडवं पडून फुलं चिरडू नका. आणि रजा मिळत असेल तर मंगळवार-बुधवार धरा, शनिवार-रविवारी कासच्या रस्त्यावर फुलांपेक्षा गाड्याच जास्त असतात.